गायकाचा आवाज आणि संस्थेचा दावा : ‘जय भीम कॉम्रेड’ व येलहंका येथील कबीरविषयक माहितीपट

१

कलावंताच्या जीवनावरील माहितीपटाचा विचार करताना समीक्षा बहुधा चरित्रवाङ्मयाचे निकष हाताशी घेते. चरित्रनायकाचे बालपण, घडण, संघर्ष, उत्कर्ष आणि अंत यांची सुसंगत मांडणी झाली आहे काय, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा हाती लागतो काय, असे प्रश्न विचारले जातात. चरित्रनायक गायक असून नागरी हक्कांच्या लढ्यातील कार्यकर्ताही असेल, तर हे निकष अपुरे पडू लागतात. त्याचे गाणे सभेत, मोर्चात, वस्तीच्या चौकात जन्मते. ते अनेकांच्या तोंडी जाते आणि कोणत्या तरी संघटनेच्या झेंड्याखाली उभे राहते. त्यामुळे तो कोण होता, या प्रश्नापेक्षा त्याचा आवाज कोणाचा होता, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

या प्रश्नाच्या अनुरोधाने दोन भिन्न चित्रपटीय कृतींचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे. पहिली कृती म्हणजे शाहीर विलास घोगरे यांच्या मृत्यूपासून निघालेला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). दुसरी, बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका या उपनगरातील सृष्टी या कला-अभिकल्प संस्थेच्या आश्रयाने शबनम विरमानी यांनी साकारलेल्या कबीरविषयक माहितीपटमालिकेतील ‘कबीरा खड़ा बाज़ार में’. एकाचा विषय मुंबईच्या झोपडपट्टीतील आंबेडकरी-साम्यवादी शाहीर, तर दुसऱ्याचा माळव्यातील भजनगायक. वरवर पाहता या दोहोंत साम्य अल्पच आहे. तथापि गायक आणि त्याच्यावर हक्क सांगणारी संस्था यांच्यातील ताण हे दोन्ही कृतींचे खरे आशयसूत्र आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ची वारंवार चर्चिली गेलेली दीर्घता आणि विस्कळीत भासणारी रचना या सूत्राच्या प्रकाशात पाहिली तरच समजू शकते.

२

येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याशी निगडित जुने ठाणे. आज ते महानगरात सामावले आहे. कानडी भूमीतील या ठिकाणी हिंदी पट्ट्यातील निर्गुणी परंपरेचा शोध घेणारा ‘कबीर प्रकल्प’ २००३ मध्ये सुरू व्हावा, ही बाब तौलनिक अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारी आहे. प्रकल्पामागची प्रेरणा मात्र गुजरातची होती. २००२ च्या हिंसाचाराचा अनुभव विरमानी यांना कबीराकडे घेऊन गेला. त्याच २००२ मध्ये, गुजरातमधील त्याच घटनांच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात ‘कबीर कला मंच’ स्थापन झाला. या मंचाचे कलावंत पुढे ‘जय भीम कॉम्रेड’च्या उत्तरार्धात केंद्रस्थानी येतात. एकाच आघातातून कबीराच्या नावाने दोन वाटा फुटल्या. येलहंका येथून निघालेली वाट श्रवणाची आणि भटकंतीची होती. पुण्याहून निघालेली वाट चौकातील जाहीर सादरीकरणाची होती आणि ती अखेर तुरुंगापर्यंत गेली.

महाराष्ट्राच्या संदर्भात कबीराचे नाव निव्वळ प्रतीक म्हणून येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. बुद्ध, कबीर आणि फुले यांना आंबेडकरांनी आपले गुरू मानले. त्यामुळे पुण्यातील तरुण कलावंतांनी कबीराचे नाव घेतले तेव्हा ते आंबेडकरी वारशातीलच एक नाव उच्चारीत होते. येलहंका येथील मालिकेतही महाराष्ट्राचा धागा आहे. ‘कोई सुनता है’ हा माहितीपट कुमार गंधर्वांच्या कबीरगायनाचा माग घेतो. बेळगाव परिसरात जन्मलेले, मुंबईत शिकलेले आणि देवासला स्थायिक झालेले कुमारजी माळव्यातील लोकगायनाकडे कसे वळले, हा मराठी संगीतरसिकांच्या परिचयाचा विषय आहे. देवासचा तोच परिसर प्रह्लादसिंह टिपानिया यांचीही कर्मभूमी होय.

टिपानिया हे दलित समाजातील, व्यवसायाने शिक्षक आणि तंबुऱ्यावर कबीराची भजने गाणारे लोकप्रिय गायक. १९९० च्या दशकात ‘एकलव्य’ या संस्थेने देवास परिसरात कबीर भजन व विचार मंच चालविला. रात्रभर भजने गाणाऱ्या मंडळ्यांना त्या भजनांच्या सामाजिक अर्थावर बोलते करणे, जात, कर्मकांड आणि धार्मिक दंभ यांविषयी त्यांच्याशी चर्चा करणे, असे या मंचाचे स्वरूप होते. टिपानिया त्यात सहभागी होते. पुढे त्यांनी कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेत महंतपद स्वीकारले आणि चौका-आरतीसारखे विधी करू लागले. कर्मकांडाविरुद्ध गाणाऱ्या गायकाने स्वतः विधी करावेत काय, हा ‘कबीरा खड़ा बाज़ार में’चा मध्यवर्ती पेच आहे. पंथाची रचना गायकाला प्रतिष्ठा आणि मोठा श्रोतृवर्ग देते. जुन्या सहकाऱ्यांना मात्र तीत कबीराचाच पराभव दिसतो.

या पेचाला चित्रपट निवाड्याचे रूप देत नाही. विरमानी स्वतः प्रवासी आणि शिकाऊ गायिका म्हणून या चित्रपटांत वावरतात. त्यांचे प्रश्न टिपानियांपर्यंत पोहोचतात, टिपानिया उत्तर देतात, समर्थन करतात, अडखळतात. चरित्रनायक जिवंत असल्यामुळे त्याला आपल्याविषयीच्या आक्षेपांना उत्तर देण्याची मुभा आहे. ही गोष्ट साधी वाटली तरी पुढील तुलनेत तिचे महत्त्व निर्णायक ठरते.

३

११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे आढळले. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत गळफास घेतला. मृत्यूच्या वेळी त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. हयातीतील मोठा काळ ते डाव्या चळवळीच्या आव्हान नाट्य मंचाचे शाहीर होते आणि त्या संघटनेने त्यांना दूर केले होते. ‘जय भीम कॉम्रेड’ या टोकापासून सुरू होतो.

पटवर्धन आणि घोगरे यांची ओळख जुनी होती. झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवरील ‘बॉम्बे अवर सिटी’ (१९८५) या चित्रपटात घोगरे गाताना दिसतात. तो काही मिनिटांचा दृश्यठेवा आणि मृत्यूनंतर इतरांनी सांगितलेल्या आठवणी, इतकेच साहित्य दिग्दर्शकाच्या हाती उरले होते. पाश्चात्त्य परंपरेतील अशाच विषयांवरील माहितीपटांशी तुलना केली असता या अभावाचा अर्थ स्पष्ट होतो. सॉल टुरेल यांचा ‘पॉल रॉबसन : ट्रिब्यूट टू ॲन आर्टिस्ट’ (१९७९) हा अर्ध्या तासाचा, ऑस्करविजेता लघुपट. रॉबसन यांनी ‘ओल मॅन रिव्हर’ या गाण्याचे शब्द वर्षानुवर्षे कसे पालटत नेले, या एका धाग्यावर त्यांचे राजकीय चरित्र तो उभे करतो. शरणागतीचा सूर लढाऊ होत जातो आणि त्यातून नायकाची वाटचाल कळते. लिझ गार्बस यांच्या ‘व्हॉट हॅपन्ड, मिस सिमोन?’ (२०१५) मध्ये नीना सिमोन यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आणि रोजनिशी यांतून गायिका मृत्यूनंतरही स्वतःचे निवेदन करू शकते. दोन्ही कृती ध्वनिमुद्रिका, चित्रफिती, वृत्तपत्रे आणि खासगी कागदपत्रे यांच्या समृद्ध संग्रहावर आधारलेल्या आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंताचा छळ झाला, रॉबसन यांचे पारपत्र १९५० ते १९५८ रोखून धरले गेले. तरी त्यांचा आवाज व्यापारी ध्वनिमुद्रणात जतन झाला होता.

मुंबईच्या झोपडीतील शाहिराला असा संग्रह उपलब्ध नसतो. दारिद्र्य हे त्याचे एक कारण असले तरी एकमेव कारण नव्हे. शाहिरी ही मुळातच प्रयोगरूप कला आहे; तिचे जतन कागदापेक्षा गळ्यांत होते. घोगरे यांचा आवाज शोधण्यासाठी पटवर्धन यांना वस्त्यांत, ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीवर, स्मृतिदिनाच्या मंडपांत आणि कलापथकांच्या तालमींत जावे लागले. चित्रीकरण सुमारे चौदा वर्षे चालले आणि मूळ आवृत्ती तीन तासांहून अधिक लांबीची झाली. नायकाविषयीचे साहित्य अपुरे होते म्हणून चित्रपट इतरत्र पसरला, असे या दीर्घतेचे स्पष्टीकरण दिले जाऊ शकते. तथापि ते अर्धेच सत्य आहे. शाहिराचा आवाज जेथे जतन झालेला असतो तेथे चित्रपट गेला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

४

या दृष्टीने चित्रपटाच्या संरचनेकडे पाहिले पाहिजे. पोवाड्याच्या सादरीकरणात मुख्य शाहिराबरोबर झीलकरी असतात. ते धृपद उचलतात, शाहिराला श्वास घेण्यास अवसर देतात आणि श्रोत्यांना गाण्यात ओढतात. सत्यशोधक जलशाने आणि त्यानंतर आंबेडकरी जलशाने तमाशाचा सांगाडा घेऊन त्याचा आशय पालटला. गणेशस्तवनाची जागा नव्या वंदनाने घेतली, गौळणीला फाटा मिळाला आणि गीत, संवाद, प्रश्नोत्तर व भाषण यांची आलटून-पालटून गुंफण करून समाजप्रबोधन साधले गेले. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गीते आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक या परंपरेचे टप्पे आहेत.

‘जय भीम कॉम्रेड’ची रचना या जलशाशी नाते सांगते. गीतानंतर साक्ष, साक्षीनंतर वाद, वादानंतर पुन्हा गीत असा तिचा क्रम आहे. निवेदकाचा सर्वज्ञ आवाज जवळजवळ नाही. कॅमेऱ्यामागून येणारे दिग्दर्शकाचे प्रश्न जलशातील सवालांचे काम करतात. रमाबाई नगरातील गोळीबाराचे समर्थन करताना पोलिसांनी वायुवाहक टँकर पेटविले जाण्याचा धोका सांगितला होता. त्यासाठी पुढे केलेल्या चित्रफितीची चित्रपट कसून तपासणी करतो आणि समर्थनातील विसंगती उघड करतो. शहरी मध्यमवर्गीयांना विचारलेले साधे प्रश्न आणि त्यांतून बाहेर पडणारी जातीविषयीची अनभिज्ञता हा वगातील उपरोधाचाच एक प्रकार आहे. या सर्वांच्या मधून वस्तीतील स्त्री-पुरुषांची गाणी सतत येत राहतात. मुख्य गायक उठून गेला आहे आणि झीलकऱ्यांनी धृपद चालू ठेवले आहे, अशी ही स्थिती होय. चरित्रपटाच्या निकषाने पाहिले तर नायक मध्येच हरवतो. जलशाच्या निकषाने पाहिले तर तो हरवत नाही, कारण जलशात नायक हा गाण्याचा एकमेव धनी नसतोच.

येथे भाषांतराचा प्रश्नही उपस्थित होतो. इंग्रजी उपशीर्षकांतून गीतांचा अर्थ पोहोचतो. परंतु झील, तिची पुनरावृत्ती, टाळी आणि श्रोत्यांचा प्रतिसाद शब्दार्थाच्या पलीकडे राहतो. परभाषक प्रेक्षकाला चित्रपटातील गीतांची संख्या पुनरुक्तीसारखी वाटण्याचा संभव आहे तो यामुळे. मराठी श्रोत्याला मात्र त्याच पुनरावृत्तीतून समूहाच्या उपस्थितीची जाणीव होते. चित्रपटाचे एक आरंभीचे जाहीर प्रदर्शन जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाले, ही घटना त्याच्या रूपाशी सुसंगत आहे. जलशाचा प्रेक्षक चौकातच असतो.

५

रचनेचा प्रश्न असा उलगडला तरी आशयाचा मूळ प्रश्न शिल्लक राहतो : घोगरे यांनी मृत्यूसमयी निळी पट्टी का बांधली? चित्रपटाच्या शीर्षकातील दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, पण त्यांच्यातील संबंधाचा इतिहास सरळ नाही. १९२० च्या दशकाअखेरच्या मुंबईतील गिरणी संपांच्या काळात अस्पृश्य कामगारांना चांगल्या मिळकतीच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाची सबब पुढे केली जाई. कामगार ऐक्याच्या घोषणेत हा प्रश्न दुय्यम ठरतो, ही आंबेडकरांची तक्रार होती. याउलट ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी यांनी एकत्रितपणे संप केला. जवळीक आणि दुरावा यांची ही परंपरा पुढे अण्णा भाऊंच्या वाट्यालाही आली. लाल बावट्याच्या या शाहिराचे आंबेडकरी स्मरणही तितकेच उत्कट आहे.

घोगरे यांच्या आयुष्यात हा इतिहास वैयक्तिक यातनेच्या रूपाने अवतरला. ज्या संघटनेसाठी त्यांनी गाणी रचली, त्या संघटनेने त्यांना बाहेर काढले. हातावर पोट असलेल्या शाहिराकडून पूर्णवेळ क्रांतिकारकाच्या निष्ठेची अपेक्षा करणारी शिस्त आणि त्याच्या घरातील चुलीची गरज यांत अंतर होते. गोळीबाराच्या बातमीनंतर जो समूह त्यांना आपला वाटला तो निळ्या झेंड्याखालचा होता. चित्रपट हे सर्व सहकाऱ्यांच्या, विशेषतः शाहीर संभाजी भगत यांच्यासारख्या निकटवर्तीयांच्या आठवणींतून समोर ठेवतो आणि डाव्या चळवळीला अडचणीत आणणारा प्रश्न टाळत नाही. दिग्दर्शकाची स्वतःची वैचारिक बैठक डावीकडे झुकणारी असताना ही गोष्ट विशेष उल्लेखनीय ठरते.

टिपानिया आणि घोगरे यांची परिस्थिती येथे एकमेकींच्या समोर येते. टिपानियांना संस्था हाक मारते आणि पद देते. घोगरे यांना संस्था बाहेर काढते. एकाच्या बाबतीत स्वीकार संकट होतो, दुसऱ्याच्या बाबतीत नकार. दोन्ही प्रसंगी संस्थेला गायकाचा आवाज हवा असतो, पण त्या आवाजाबरोबर येणारा माणूस, त्याची जात, कुटुंब, प्रतिष्ठेची भूक आणि पोटाची निकड, तिच्या चौकटीत बसत नाही. पंथ आणि पक्ष यांच्या विचारसरणी परस्परविरोधी असल्या तरी या एका बाबतीत त्यांचे वर्तन सारखे आहे. येलहंका येथील चित्रपट हे वर्तन संवादाने उलगडतो. मुंबईच्या चित्रपटाला संवादाची संधी नाही, म्हणून तो साक्षी गोळा करतो.

६

दोन्ही कृतींच्या मर्यादांचीही नोंद करणे आवश्यक आहे. विरमानी यांच्या मालिकेत गाण्याच्या आध्यात्मिक अनुभूतीला इतके अग्रस्थान मिळते की टिपानियांच्या महंतपदाच्या आकांक्षेमागे जातीय अवहेलनेचा किती वाटा आहे, हा प्रश्न पुरेशा तीव्रतेने पुढे येत नाही. शतकानुशतके मंदिराबाहेर ठेवलेल्या समाजातील माणसाने पूजाविधीचे आसन स्वीकारले, तर त्याचा अर्थ केवळ कबीराशी द्रोह असा लावता येणार नाही.

‘जय भीम कॉम्रेड’विषयीचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा आहे. घोगरे यांच्या मृत्यूचा अर्थ चित्रपटात इतक्या जणांनी लावला आहे की त्यांच्या गाण्याचा अर्थ मागे पडतो. त्यांची हिंदी आणि मराठी रचना, चालींची निवड, त्यांची उपरोधाची जात, यांची वाङ्मयीन वा सांगीतिक चिकित्सा फारशी होत नाही. शाहीर हुतात्मा होतो आणि कलावंत म्हणून अपरिचित राहतो. एका आत्महत्येला राजकीय विधानाचा दर्जा देताना तिच्यातील अगम्य, खासगी भागाचे काय करावयाचे, हा नैतिक प्रश्न चित्रपटाने पूर्णपणे सोडविलेला नाही. कदाचित तो सोडविता येण्यासारखाही नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या कथापटाने हाच प्रश्न उलटा करून पाहिला. तेथे आपल्या गीताने सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप वृद्ध लोकशाहिरावर ठेवला जातो. चळवळीतील कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी साकारलेला हा शाहीर न्यायालयात जवळजवळ मूक असतो. गाण्याला कायद्याच्या भाषेत उतरविताना जे उरत नाही, त्यावर हा चित्रपट बोट ठेवतो. संभाजी भगत यांचे संगीत या दोन कृतींना जोडणारा प्रत्यक्ष दुवा आहे.

७

‘जय भीम कॉम्रेड’च्या अखेरच्या भागात कबीर कला मंचाच्या शीतल साठे गाताना दिसतात. त्यानंतर मंचाचे कलावंत भूमिगत होतात आणि पडद्यावर त्यांच्या आईची मुलाखत येते. आवाज पुढच्या पिढीकडे गेला आहे, असा दिलासा चित्रपट देऊ पाहतो आणि त्याच क्षणी तो आवाज अदृश्य होतो. चित्रपटाबाहेर ही कथा थांबली नाही. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर प्रकट झाले व त्यांना अटक झाली. त्याच वर्षी साठे यांना जामीन मिळाला. अन्य सहकाऱ्यांना त्यासाठी २०१७ पर्यंत थांबावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक करण्यात आली. रमाबाई नगरातील गोळीबाराबद्दल न्या. गुंडेवार आयोगाने पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना दोषी धरले होते. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली आणि उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गोळीबार आणि ही शिक्षा यांच्यामध्ये बारा वर्षे गेली.

पटवर्धन पुढे कबीर कला मंचाच्या बचाव समितीत सक्रिय झाले. माहितीपटकार आणि त्याचा विषय यांतील अंतर येथे मिटते आणि समीक्षेपुढे एक अडचण उभी राहते. ज्या कृतीचा शेवट न्यायालयात आणि तुरुंगात लिहिला जात होता, तिला पूर्ण झालेली संहिता मानावे काय? जलशाच्या परंपरेत याचे उत्तर सापडते. जलशाची संहिता प्रत्येक वस्तीत नव्याने पूर्ण होत असे आणि प्रत्येक प्रयोगात काही भाग मोकळा ठेवलेला असे.

येलहंका येथील कबीरपट आणि मुंबईतील हा चित्रपट एकत्र पाहण्याचे प्रयोजन यात आहे. गायकाला संस्थेच्या दाव्यापासून सोडवून त्याचे ‘खरे’ एकाकी व्यक्तिमत्त्व हाती देणे, ही चरित्रपटाची प्रतिज्ञा असते. या दोन कृती दाखवितात की दलित गायकाच्या बाबतीत एकाकीपणा हे स्वातंत्र्याचे रूप नसून शिक्षेचे रूप असू शकते. टिपानियांना पंथाचे विधी सोडवत नाहीत ते समूहाच्या ओढीने. विलास घोगरे यांना शेवटच्या क्षणी निळी पट्टी हवीशी वाटली तीही समूहाच्याच ओढीने. त्यांच्या आवाजावर पक्षाने सांगितलेला हक्क त्यांनी नाकारला, पण कोणाचे तरी असण्याचा स्वतःचा हक्क सोडला नाही. शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासाने या हक्काची दखल घेतली, तर घोगरे यांच्या मृत्यूइतकेच त्यांच्या गाण्याकडेही लक्ष जाईल. त्या गाण्यांचे संकलन आणि चिकित्सा हे काम चित्रपटाचे नव्हते. ते अभ्यासकांचे आहे.